बंकरमधला उन्हाळा

१

राखाडी गाडीचं पुढचं झाकण वर गेलं आणि श्रीमती रेगुला त्सोलिकोफर यांनी आत हात घातला. इंजिन मागं होतं; इथं बॅटरी होती. तिच्या शेजारी घडी केलेलं लोकरी पांघरूण आणि हवा भरायचा पंप होता. पत्र्याचा डबा मात्र नव्हता.

त्यांनी पांघरूण उचललं, झटकलं, पुन्हा घडी करून ठेवलं. मग सावत्र मुलाकडे न बघताच त्या म्हणाल्या, "पोलिसांना बोलाव."

पोलीस म्हणजे मेंजा तुओर. खोऱ्यात पोलीसचौकी एक, चौकीत माणूस एक. ती बंकरपाशी पोचली तेव्हा मंगळवारचे पावणेतीन वाजले होते. त्याच सुमारास खालच्या वळणावर रस्त्याचा अडसर खाली आला. वरच्या उतारावर बर्फ सुटायला टेकलं होतं. दोन दिवस, कदाचित तीन दिवस, खोऱ्यातून कोणी बाहेर जाणार नव्हतं आणि कोणी आत येणार नव्हतं.

बंकर डोंगराच्या पोटात होता. एके काळी लष्कर तिथं तोफगोळे ठेवायचं. आता ऑक्टोबर ते एप्रिल अडतीस गाड्या तिथं झोपून असत. सगळ्या महागड्या, बुटक्या, बर्फात पाऊल न टाकणाऱ्या. प्रत्येक गाडीवर जमिनीपर्यंत लोंबणारं जाड आवरण, आणि प्रत्येकीच्या बाजूला भिंतीवर एक छोटा चार्जर. बॅटरी भरलेली असली की त्याचा दिवा हिरवा असायचा. पोलादी दारातून आत पाहिलं की अडतीस हिरवे ठिपके दिसायचे.

"डबा किती मोठा होता?" मेंजानं विचारलं.

"बिस्किटांचा असतो तेवढा," रेगुलाबाई म्हणाल्या. वय एकाहत्तर, पाठ ताठ. "आत कागद होते. माझ्या नवऱ्याचे."

"कसले कागद?"

"त्यांचे."

उत्तर तिथंच संपलं. पुढचं त्यांचा सावत्र मुलगा युर्ग बोलला. पंचेचाळिशीचा, नीटनेटका, कोटाचं प्रत्येक बटण लावलेला. "हे बघा, या गाडीच्या किल्ल्या दोन. एक साधी, ती इथल्या रखवालदाराकडे असते. तिनं दार उघडतं, इंजिन सुरू होतं; पुढचं झाकण उघडत नाही. झाकण विजेवर चालतं आणि त्याला मुख्य किल्ली लागते. ती रेगुलाच्या गळ्यात."

रेगुलाबाईंनी गळ्यातली साखळी वर काढून दाखवली. "ऑक्टोबरपासून उतरवलेली नाही. आंघोळीलाही नाही."

मेंजा चालकाच्या जागेवर बसली. दार उघडताच समोरची पाटी उजळली. एकूण किलोमीटर रखवालदार प्लात्सीच्या नोंदीशी जुळत होते. घड्याळात दोन बावन्न. तिच्या मनगटावरही दोन बावन्न. बॅटरी भरलेली, चार्जर हिरवा, कुलपावर ओरखडा नाही. सगळं जिथल्या तिथं होतं.

"रेडिओ कुठंय?" तिनं विचारलं.

"या गाडीत रेडिओ?" रेगुलाबाई पहिल्यांदाच जराशा हसल्या. "माझा नवरा म्हणायचा, गवयाच्या तोंडात कोणी शिट्टी देतं का?"

युर्ग हसला नाही. "इथं आत यायची किल्ली एकाच माणसाकडे आहे," तो म्हणाला. "त्याचं आडनाव देफ्लोरिन आहे. त्याला आमच्या घराण्याचा राग का असेल, ते या खोऱ्यात कोणाला सांगायला नको."

२

प्लात्सी देफ्लोरिन आणि मेंजा एका बाकावर शिकलेले. बंकरला लागून असलेल्या दोन खोल्यांत तो राहायचा. नोकरीबरोबर मिळालेलं ते घर. नोकरी गेली की तेही जाणार होतं.

त्यानं कॉफी ओतली.

"घेतलास का तू डबा?"

"मेंजा!"

"विचारावं लागतं."

"मग लिहून घे, नाही घेतला. आणि राग म्हणशील तर, होता. त्या माणसावर होता, गाडीवर कशाला? गाडीनं काय केलं होतं?"

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. प्लात्सीचा थोरला भाऊ मूरेझी डोंगरातला वाटाड्या. एमिल त्सोलिकोफर, त्यांचा मुलगा युर्ग आणि एक डॉक्टर मित्र यांना तो बर्फावरून वर घेऊन गेला होता. उतार सुटला, डॉक्टर गाडला गेला. चौकशीत बापलेकांनी सांगितलं, वाटाड्यानं निघायची खूण केली होती. मूरेझीचा परवान्याचा बिल्ला गेला. तो उत्तरेला कुठल्याशा बंदरात कामाला लागला आणि पुन्हा खोऱ्यात फिरकला नाही. पुढं एमिल यांनी आपली गाडी हिवाळ्यासाठी याच बंकरात ठेवायला सुरुवात केली. का, ते कोणाला कळलं नाही. दोन वर्षांपूर्वी ते वारले आणि त्यांच्यानंतर रेगुलाबाईही ती इथंच आणत राहिल्या.

"चार्जर कधी तपासतोस?"

"दर सोमवारी. एकेक दिवा बघतो, तक्त्यावर सही करतो. बाकीच्या दिवशी मोठं दार उघडतं ते कोणी आलं तरच." त्यानं तक्ता पुढं सरकवला. ऑक्टोबरपासून एकही सोमवार सुटला नव्हता. राखाडी गाडीच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द होता: हिरवा.

"भेटवही?"

तीही चोख होती. राखाडी गाडी अकरा ऑक्टोबरला आली. नंतर तिची साधी किल्ली दोघांनी मागून नेली होती. गाड्यांची देखभाल करणारा मेकॅनिक जाखन यानं नोव्हेंबरात एकदा, टायरची हवा बघायला. युर्गनं दोनदा, नाताळानंतरच्या मंगळवारी आणि गुरुवारी. मंगळवारी आतली ओल शोषणाऱ्या पिशव्या ठेवायला, गुरुवारी आवरणाचा पट्टा सैल वाटला म्हणून.

"तू बरोबर होतास?"

"दारापाशी. मालक लोक गाडीपाशी एकटेच बरे असतात. काही जण गाडीशी बोलतात, मेंजा. आपण ऐकू नये."

दार ढकलून जाखन आत आला. अंगानं आडवा, तोंडानं त्याहून आडवा. "काय प्लात्सी, ऐकतोय ते खरं? चोर झालास म्हणे! तुला स्वतःच्या चपला सापडत नाहीत रे."

"गप बस, जाखन."

"गप कसा बसू? ते झाकण किल्लीशिवाय उघडायची एक वाट आहे. ती मला ठाऊक आहे. आता मेंजाबाई मलाच धरणार."

३

"कारखान्यानंच ठेवलेली वाट आहे," जाखन म्हणाला. "बघ, बॅटरी कुठं असते? पुढच्या झाकणाखाली. झाकण कशावर उघडतं? बॅटरीवर. मग बॅटरी मेली तर? नवी लावायला झाकण उघडायला हवं, आणि झाकण उघडायला बॅटरी हवी. इकडे आड, तिकडे विहीर. म्हणून चालकाच्या पायापाशी फ्यूजच्या पेटीत एक खुंटी ठेवली आहे. ती बाहेर ओढायची, छोट्या बॅटरीची तार तिला लावायची, आणि झाकण टप्पकन् उघडतं. त्याला किल्ली लागत नाही."

"म्हणजे दार उघडता आलं की कोणालाही जमेल."

"नाही. गाडीची बॅटरी जिवंत असेल तर खुंटी काम करत नाही. अगदी ठार मेलेली लागते."

"हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत?"

"गाडीबरोबरचं पुस्तक वाचणाऱ्या कोणालाही. पण ते वाचतं कोण?"

मेंजानं तक्त्याकडे पाहिलं, मग प्लात्सीकडे. त्याच्या लक्षात आलं होतं. चेहरा उतरला होता.

बॅटरी कधी मेलीच नसेल, तर झाकण बनावट मुख्य किल्लीनं उघडलं गेलं. आणि साधी किल्ली सगळा हिवाळा सांभाळणारा, तिच्यावरून तशी बनवून घेऊ शकणारा माणूस एकच, प्लात्सी. बॅटरी मेली असेल, तर तक्त्यावरचे हिरवे शब्द खोटे. दिवे न बघता सह्या करणारा रखवालदार कोण ठेवील? आपल्याच चोख अक्षरांनी त्याला दोन्ही बाजूंनी कोंडलं होतं.

"मी प्रत्येक दिवा पाहिलाय," तो हळू आवाजात म्हणाला. "प्रत्येक सोमवारी."

"रस्ता उघडला की जिल्ह्याचे लोक येतील," मेंजा म्हणाली. "त्यांना हा तक्ता द्यावा लागेल."

"किती वेळ आहे माझ्याकडे?"

"बर्फाला विचार."

४

बुधवारी दुपारी ती पुन्हा बंकरात आली. प्लात्सी बरोबर होता. राखाडी गाडीची फ्यूजपेटी तिनं भिंगातून पाहिली. खुंटी चकचकीत होती. कोणी ओढली असेल, नसेलही. बाहेर डोंगर कण्हल्यासारखा एक लांब आवाज आला आणि दिवे गेले.

छतावरचे आधी गेले. त्यापाठोपाठ अडतीस हिरवे ठिपके विझले, सगळे एकदम. पोलादी दाराची मोटरही बंद पडली. दार मिटलेलं होतं.

"विजेची तार तुटली असणार," अंधारातून प्लात्सी म्हणाला. "दार हातानं फिरवता येतं, पण वेळ लागतो. पाऊण तास तरी. भीती वाटते का?"

"नाही," मेंजा म्हणाली. तिला वाटत होती. डोंगर छातीवर बसल्यासारखा वाटत होता. "आधी उजेड कर कुठंतरी. फोन तर दोघांचेही तुझ्या खोलीत राहिलेत. चाक कुठंय ते तरी दिसू दे."

त्यानं चाचपडत जवळच्या गाडीचं आवरण वर केलं आणि जुडग्यातल्या किल्लीनं दार उघडलं. आतला पिवळा दिवा लागला. कोणा दंतवैद्याची लाल गाडी होती. मेंजा तिच्यात बसली. प्लात्सी दाराचं चाक फिरवू लागला, करकर, करकर. तिनं वेळ लिहून ठेवायला म्हणून गाडीच्या घड्याळात पाहिलं. पाच वीस. मनगटावर पाहिलं. चार वीस.

"प्लात्सी, माझं घड्याळ बंद पडलं वाटतं."

"नाही पडलं. गाडीतलं तासभर पुढं आहे."

"बिघडलंय?"

"सगळ्याच गाड्यांची पुढं असतात." करकर थांबली. "ऑक्टोबर संपताना उन्हाळी वेळ संपते, आपण घड्याळं एक तास मागं घेतो ना? गाड्या त्याआधीच आत येतात. मार्च संपताना पुन्हा तास पुढं. एप्रिलमध्ये गाडी बाहेर निघते तेव्हा तिचं घड्याळ आपसूक बरोबर असतं. मग मधल्या मधे कोण हात लावणार? जाखन म्हणतो, बंकरमध्ये बारा महिने उन्हाळा. तो इथं कामाला आला की गाडीच्या घड्याळावर जेवतो, म्हणजे तासभर आधी."

मेंजा लाल गाडीतून उतरली. मग म्हणाली, "राखाडी गाडी कधी आली होती?"

"अकरा ऑक्टोबर. वहीत पाहिलंस ना."

"तिचं दार उघड."

त्यानं उघडलं. समोरची पाटी उजळली. दोघं वाकून बघत राहिले.

चार एकवीस.

५

संध्याकाळी खानावळीत मेणबत्त्या लावल्या होत्या. रेगुलाबाई बार्लीच्या सुपापुढं एकट्याच बसल्या होत्या. युर्ग वर खोलीत होता. रस्ता कधी उघडणार, हे तो दर तासाला खाली येऊन विचारून जात होता.

"तुम्ही गाडीचं घड्याळ कधी लावता?" मेंजानं विचारलं.

"कधीच नाही. ते कसं लावतात हेही मला माहीत नाही."

"काल मी आले त्याआधी कोणी हात लावला?"

"मी फक्त झाकण उघडलं. युर्ग बाहेरच उभा होता." त्यांनी चमचा खाली ठेवला. "का?"

"आधी तुम्ही सांगा. डब्यात काय होतं? काल युर्ग त्या माणसाला चोर म्हणाला, तेव्हा तुम्ही मूग गिळून बसलात. ज्याची वस्तू चोरीला जाते तो इतका गप्प राहत नाही."

रेगुलाबाईंनी सूप बाजूला सारलं.

"एमिलनं मरण्याआधी लिहून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी डोंगरावर काय झालं ते. चार पानं. ती प्लात्सीच्या भावाला द्यायची होती. ऑक्टोबरात गाडी इथं आणली तेव्हा डबा घेऊनच आले होते. धीर झाला नाही. गाडीतच ठेवला आणि परत गेले. म्हटलं, हिवाळाभर विचार करू."

"युर्गला माहीत होतं?"

"नोव्हेंबरात मीच सांगितलं. त्याच्यापासून चोरून करायचं नव्हतं. कुठंय ते विचारलं त्यानं. मी म्हटलं, गाडीत, माझ्या किल्लीशिवाय उघडणार नाही अशा जागी." त्यांचा हात साखळीवर गेला. "किल्ली इथंच होती. म्हणून मला वाटत राहिलं, तो नसणारच. स्वतःची समजूत घालत राहिले म्हणा. दहा वर्षांचा होता मी त्या घरात आले तेव्हा."

"गाडीबरोबरचं पुस्तक कुठं असतं?"

"घरी. एमिलच्या कपाटात." त्यांनी डोळे मिटले. "नाताळात युर्ग कपाट आवरत होता."

६

गुरुवारी सकाळी वीज आली. रस्ता बंदच होता. मेंजानं चौघांना प्लात्सीच्या खोलीत बसवलं. खोली लहान, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे एकमेकांना लागत होते.

"हा तमाशा कशासाठी?" युर्ग म्हणाला. "झाकण कोण उघडू शकतं ते स्पष्ट आहे."

"झाकण किल्लीनं उघडलेलंच नाही," मेंजा म्हणाली. "गाडी अकरा ऑक्टोबरला आत आली. तिचं घड्याळ आज तासभर पुढं असायला हवं होतं. ते बरोबर वेळ दाखवतंय. म्हणजे ऑक्टोबर संपल्यानंतर कोणीतरी ते लावलं. जाखन, बॅटरी पुरती मेली की या घड्याळाचं काय होतं?"

"शून्यावर जातं. वीज आली की शून्यापासून चालू."

"म्हणून लावावं लागलं. नाहीतर दार उघडताच कळलं असतं की मधे बॅटरी मेली होती. चार्जरचा प्लग काढायचा, बाजूचे बारीक दिवे चालू ठेवायचे. जाड आवरणाखाली ते दिसत नाहीत. किती वेळ लागतो?"

"दीड दिवस. फार तर दोन," जाखन म्हणाला.

"मंगळवारी चालू केले तर गुरुवारपर्यंत बॅटरी ठार. गुरुवारी खुंटी ओढून झाकण उघडायचं, डबा घ्यायचा, बरोबर आणलेल्या छोट्या बॅटरीनं मोठीला धक्का द्यायचा, चार्जर पुन्हा लावायचा. सोमवारपर्यंत?"

"हिरवा." जाखननं प्लात्सीच्या पाठीत थाप मारली. "हिरवा, लेका! तू बघितलास तो खराच हिरवा होता!"

प्लात्सीनं तोंडावर हात धरला होता.

"छान," युर्ग म्हणाला. "म्हणजे खुंटी माहीत असलेला मेकॅनिक, नाहीतर सगळा हिवाळा किल्ली हाताशी असलेला रखवालदार. दोघांपैकी कोण?"

"दोघांपैकी कोणी नाही. चोराला गाडी हात न लावलेली दिसायला हवी होती. हे दोघे इथं राहतात, इथल्या घड्याळांची थट्टा करत जेवतात. त्यांच्यापैकी कोणी असता तर त्यानं घड्याळ शेजारच्या गाडीसारखं लावलं असतं, तासभर पुढं. बरोबर वेळ लावायचं सुचलं ते बाहेरच्या माणसाला. व्यवस्थित माणसाला. त्यानं मनगटाकडे पाहिलं आणि मिनिटापर्यंत अचूक लावलं. बाहेरच्यांपैकी गाडीची किल्ली मागून नेणारा एकच आहे. मंगळवारी एकदा, गुरुवारी एकदा. भेटवहीत त्याची सही आहे."

युर्गनं बाही खाली ओढून मनगट झाकलं.

"एका घड्याळावरून तुम्ही मला कोर्टात उभं करणार?"

"ते जिल्ह्याचे लोक ठरवतील."

"डबा तुम्हाला मिळणार नाही. कागद तर नाहीच."

"कागद नको," रेगुलाबाई म्हणाल्या.

त्या उठल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. प्लात्सीकडे वळल्या. "श्रीयुत देफ्लोरिन, ती चार पानं गाडीत ठेवण्याआधी मी वर्षभर रोज वाचलीत. मला येतात. पहिलं वाक्य असं आहे: 'मूरेझी देफ्लोरिन यांनी हात वर करून थांबायला सांगितलं होतं. माझ्या मुलानं ते पाहिलं, मीही पाहिलं.'"

"रेगुला, बस कर."

"'मुलगा हसला आणि निघाला. त्याच्या मागून डॉक्टर निघाले.'"

युर्ग उभा राहिला. सगळ्यांचे गुडघे ओलांडत दारापर्यंत गेला, दार उघडलं. बाहेर आंगण, आंगणापुढं बर्फाची भिंत, भिंतीपलीकडे पडलेला अडसर. गार वारा आत आला. तो उंबऱ्यावर तसाच उभा राहिला. जायला जागा नव्हती.

"दार लाव," जाखन म्हणाला. "थंडी येतेय."

युर्गनं दार लावलं आणि दाराला टेकून उभा राहिला. रेगुलाबाई सांगत राहिल्या. मेंजा लिहीत राहिली. चौथं पान संपलं तेव्हा कागदावर रेगुलाबाईंनी सही केली, खाली तारीख घातली, आणि तो प्लात्सीच्या हातात दिला.

शुक्रवारी सकाळी मेंजा जिल्ह्याच्या गाडीची वाट बघत अडसरापाशी उभी होती. यंत्रानं शेवटचं बर्फ बाजूला लोटलं आणि अडसर वर गेला. प्लात्सी बंकरातून चालत आला. मेंजानं फोटो आणि नोंद घेतल्यावर राखाडी गाडीचं घड्याळ त्यानं तासभर पुढं करून ठेवलं होतं. आता ते बाकीच्यांसारखं होतं, एप्रिलपर्यंत बघायला नको.

त्याच्या हातात फोन होता. भावाचा नंबर लावलेला, बटण दाबायचं राहिलेलं.

"एकोणीस वर्षं झाली, मेंजा. सुरुवात कशानं करू?"

मेंजानं वळणाकडे पाहिलं. खालून पहिली बस वर येत होती.

"सांग," ती म्हणाली, "रस्ता उघडलाय."